रुमाल टाकला आहे

बाबांच्या प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात आईने लाल दोऱ्याचे चार टाके घातलेले असत. नक्षी म्हणून नव्हे, खूण म्हणून. ताग्याच्या उरलेल्या पांढऱ्या तुकड्यातून ती एका वेळी सहा रुमाल बेतायची आणि कडा दुमडून झाल्या की शेवटी हे टाके. सगळ्या गिरणगावात सगळ्यांचे रुमाल पांढरेच. सावंतवाडीच्या स्टँडवर भांडण झालं तर आपला कुठला हे दाखवता यायला हवं ना!

भांडण व्हायचंच. मुंबईहून रात्रभर आंबून आम्ही वाडीला उतरायचो आणि तिथून गावाकडच्या गाडीला रिझर्व्हेशन नावाचा प्रकार नसे. गाडी फलाटाला लागायच्या आधीच माणसं तिच्या अंगाला अंग लावून धावू लागत. दार एक, त्यात पाऊल टाकायला जागा नाही, म्हणून बाबा दाराकडे जायचेच नाहीत. ते खिडकी हेरायचे, हात उंच करून गजांतून रुमाल आत सोडायचे आणि मग अगदी निवांत, बिडी विझवून वगैरे, दाराकडे वळायचे. बाकीच्यांच्या टोप्या, छत्र्या, कालचा पेपर, भाजीची पिशवी असं काय काय आत पडत असे. मागच्या काचेवर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेलं असायचं. त्या मार्गाने एखाद्या घरचं शेंडेफळ आत ढकललं जाई आणि ते तीन सीटांवर आडवं पसरून आईबापांची वाट बघत राही. ते शेंडेफळ दोनदा मी होतो.

रुमाल पडला की जागा धरली गेली. हे एस.टी.च्या कुठल्याही नियमात नव्हतं. कंडक्टर त्यात पडत नसे. “रुमालाचं तिकीट काढलंय काय?” असं विचारणारा एखादा निघायचा, पण विचारतानाच तो उठायच्या तयारीत असायचा. बाबा काही बोलत नसत. रुमाल उचलून लाल टाके फक्त दाखवत आणि मग आईला खिडकी, मला मधली, आणि स्वतः वाटेत उभे. रुमाल त्यांचा, पण त्यांना त्या जागेवर बसलेलं मला आठवत नाही.

मे महिन्यात कधी बोटीने जायचो. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी गोव्याची बोट. पावसाळ्यात ती बंद असे, म्हणून गणपतीला तिचा उपयोग नव्हता. वरच्या डेकचं तिकीट महाग. आम्ही खालच्या डेकवाले. इथे रुमालाने भागत नसे, चादर लागायची. शिडी चढून आत शिरलं की आई पळत जाऊन लोखंडी तळावर चादर अंथरायची आणि चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवायची: ट्रंक, वळकटी, पाण्याचा तांब्या आणि मी. रात्री शेजारच्या चादरीची कड आमच्यावर यायची, आमची त्यांच्यावर. सकाळपर्यंत कोण कुठल्या चादरीवर झोपलंय याचा हिशेब राहत नसे. वेंगुर्ल्याला बोट बाहेरच उभी राहायची, पडाव यायचे, आणि हलत्या पाण्यावर कोणीतरी अनोळखी हात धरून मला खाली घ्यायचा.

रुमालाचं हे कौतुक करतो आहे खरा, पण पुढे डोंबिवलीहून लोकल धरायला लागलो तेव्हा तोच रुमाल मला शत्रू झाला. बँकेतल्या नोकरीची तेहतीस वर्षं. गाडी फलाटात शिरता शिरता उडी मारणारा एक जण आख्ख्या ग्रुपसाठी चार रुमाल टाकायचा, आणि पुढे ठाण्याला चढणारा त्यांचा पाटील येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवून आम्ही दांडीला लोंबकळायचो. एकदा मी एक रुमाल उचलून बसलो. पुढचे आठ दिवस डबा बदलावा लागला. तेव्हा समजलं की बाबांच्या रुमालामागे फक्त बायको-मुलगा होते, म्हणून तो केविलवाणा आणि म्हणून तो मानला जायचा. दहा जणांच्या रुमालाला दादागिरीच म्हणतात.

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबांसारखे कितीतरी जण कोकणात परतले ते परतलेच. त्यानंतर गणपतीला जाणारा मी होतो आणि वाट बघणारे ते. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हा ते हयात नव्हते. आईने गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, “हय रुमाल खंय टाकूचो?” तिकिटावर सीटचा नंबर छापलेला आहे हे तिला पटायला पनवेल आलं.

गेल्या चतुर्थीला साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, संगणकापुढे बसलो होतो. दोन मिनिटांत वेटिंग लिस्ट. बंगळूरच्या मुलाने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाबा, माझ्या कार्डावर पॉइंट साठलेत, डिसेंबरात वाया जातील. तुम्ही विमानाने मोप्याला जा. आणि बिझनेस क्लासच काढतो. एकदा बसून तर बघा.” तासाभराच्या प्रवासाला बिझनेस क्लास म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे घोड्यावरून जाण्यासारखं. हे मी बोललो नाही. पॉइंट वाया जाणं मला बघवत नाही.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर लाउंजच्या दाराशी रांग होती. मला वाटलं मी चुकीच्या जागी आलो. लाउंज म्हणजे रांग नसलेली जागा, अशी माझी समजूत. पहिला लाउंज 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर एका अमेरिकन कंपनीने काढला, तेव्हा आत जायला कंपनीचं खास निमंत्रण लागायचं. आपल्याकडे आता बँकेचं कार्ड पुरतं. पुढच्या पोराने माझ्यासमोर कार्ड यंत्रात घातलं, दोन रुपये कापले गेल्याचा मेसेज आला आणि तो इडलीकडे निघून गेला. ही कार्डं मी काउंटरवर बसून स्वतः लोकांच्या गळ्यात मारली होती. लाउंजचा फायदाही तोंडपाठ सांगायचो. स्वतः कधी गेलो नाही, एवढंच.

आत उपमा होता, मेदूवडे होते, पास्ता, गुलाबजाम, आणि कॉफीच्या यंत्रापुढे आणखी एक रांग. नव्हती ती बसायला जागा. ताटली हातात धरून दोन फेऱ्या मारल्या. काचेजवळ तीन मऊ खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून लगबगीने गेलो. एकीवर लॅपटॉपची बॅग, दुसरीवर गळ्याची उशी आणि तिसरीवर नीट घडी केलेली रेशमी ओढणी. शेजारच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, “सॉरी, फॅमिली इज कमिंग.” मला एवढं हसू आलं की त्यांनी मान वर केलीच. मी म्हटलं, “असू दे, असू दे, रुमाल टाकलाय ना.” त्यांना काही कळलं नाही. मी खांबाला टेकून उभ्यानेच उपमा खाल्ला, आणि त्या दिवसातलं तेच माझं सगळ्यात समाधानाचं खाणं झालं.

विमानात मात्र निराळंच. पुढे दोन-दोनच्या दोन रांगा, एकूण आठ खुर्च्या, त्यामागे पडदा. सगळ्यांच्या आधी मला आत घेतलं. मग मागचे दीडशे जण माझ्यासमोरून जात राहिले आणि मी हातात लिंबाच्या सरबताचा ग्लास धरून बसलेला. कुठे बघावं समजेना. गावाकडची माणसं होती, पाठीला सॅका, कडेवर पोरं, एकाच्या हातात ढोलकी. एकाने ओळखीचं असल्यासारखं पाहिलं. मी सुरक्षेच्या सूचनांचं कार्ड वाचायला घेतलं. 1974 मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग काढून टाकला, तेव्हा बाबा म्हणाले होते की पाटी बदलली, बाकडं तेच आहे. इथे बाकडं बदललं होतं आणि मला पाटीची लाज वाटत होती. शेजारची खुर्ची रिकामी. ती धरून ठेवायलाही कोणी नव्हतं.

हवाई सुंदरी चिमट्यात काहीतरी धरून आली. पांढरं, गुंडाळलेलं, वाफाळतं. मी ताटली शोधू लागलो. “हॉट टॉवेल, सर.” गरम रुमाल! पलीकडचे गृहस्थ त्याने हात पुसत होते, म्हणून मीही पुसले, मग तोंड, मग धीर करून मानही. मानेवर तो ऊबदार कपडा ठेवला आणि वाटलं, उठूच नये. तेवढ्यात चिमटा परत आला. पन्नास मिनिटांच्या आकाशात त्या बाईंना आठ जणांना जेवू घालायचं होतं, थांबायला वेळ कुठला.

मग चिनी मातीच्या बशा आल्या आणि त्यांच्याबरोबर कापडी नॅपकिन. तो उलगडला तर एका कोपऱ्यात काज. शर्टाच्या गुंडीत अडकवायचं म्हणून, असं त्यांनी करून दाखवलं. चांगली शिवण होती, दोरा पांढऱ्यावर पांढरा. अंगठा त्या कोपऱ्यावरून फिरत राहिला आणि जेवण तसंच राहिलं. खाली ढग. एकदाच फट पडली, गढूळ खाडी समुद्रात शिरताना दिसली, कुठली ते ओळखेपर्यंत गेली. बोटीला याच किनाऱ्याला एक अख्खी रात्र लागत असे.

मोप्याला पुतण्या येणार होता. फोन आला, “काका, गाडी गणपती आणूक गेली हा.” गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची, त्यापुढे काका कोण. टॅक्सीवाला बांद्याच्या पुढे यायला तयार होईना. तेव्हा बांद्याच्या स्टँडवर, चुरगळलेल्या कोऱ्या शर्टात, बॅग दोन पायांत धरून उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता. गाडी आली आणि सगळा स्टँड तिच्याबरोबर धावला. मी चौसष्ट वर्षांचा, मी नाही धावलो. शेजारच्या पोराने विचारलं, “काका, तुमका जागा व्हयी?” माझा हात आपोआप खिशात गेला. त्याने माझा रुमाल घेतला, उडी मारून काचेच्या फटीतून आत ढकलला आणि दिसेनासा झाला.

मी पोचलो तेव्हा तिसऱ्या सीटवर एक आजी बसलेल्या होत्या, मांडीवर माटवीचं सामान. रुमाल कुठे दिसेना. मग त्यांच्या लुगड्याखालून एक पांढरं टोक बाहेर आलेलं दिसलं. मी बघतोय हे बघून त्या खिडकीकडे सरकल्या. “बस रे, जागा आसा.”

बसलो. पुढच्या थांब्यावर आणखी एक बाई आल्या, आम्ही दोघं आणखी सरकलो. रुमाल उतरेपर्यंत आजींच्या खालीच होता.