पहिला नंबर कोणाचा?

काही वाद असे असतात, की ते कधी मिटू नयेत असेच वाद घालणाऱ्यांना मनापासून वाटत असते. आपल्या कँटीनमध्ये अशा वादांना तोटा नाही. सचिन मोठा की सुनील, लता की आशा, यावर चहा निवतो, तासाची घंटा होते, आणि नंबर लावायचे काम अर्धवट टाकून मंडळी वर्गाकडे पळतात. आमच्या आजोळी, मिरजेला, असाच एक वाद गेली पन्नास वर्षे चालू आहे : फँटम पहिला की मँड्रेक?

गंमत अशी, की या दोन्ही चित्रमालिका लिहिणारा माणूस एकच. त्याचे नाव ली फॉक. जन्म १९११ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला. 'मँड्रेक' ११ जून १९३४ रोजी वृत्तपत्रांतून सुरू झाला, तेव्हा फॉक अवघा तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्यापैकी एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याएवढा. 'फँटम' आला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. सुपरमॅनचा जन्म १९३८ चा, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवटा घालून फिरणारा फँटम त्याच्याही आधीचा. या दोन मालिका फॉकने १९९९ साली मरेपर्यंत, साठ वर्षांहून अधिक काळ लिहिल्या. शिवाय हा गृहस्थ नाटकवेडा. नाटके लिहिली, बसवली, नाट्यगृहे चालवली. रोजच्या तीन-चार चौकटी लिहून झाल्या, की तो तालमीला जात असेल, अशी कल्पना करायला मला आवडते.

आमच्या थोरल्या मामांच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात 'इंद्रजाल कॉमिक्स'चे अंक बारा-बाराच्या गठ्ठ्याने शिवून, वर खाकी कागद चिकटवून ठेवलेले आहेत. 'इंद्रजाल' मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये काढले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतूनही ते निघत असे. मामांच्या ट्रंकेत मराठी आणि इंग्रजी, दोन्ही आहेत. आजोबा रेल्वेत होते. रेल्वेच्या चाळीतली चार पोरे मिळून अंक विकत घेत आणि पाळीपाळीने वाचत. दर सहा महिन्यांनी नंबर लावण्याचा कार्यक्रम होई. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच नाव लिहायचे, चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या, आणि धाकट्या पोराने त्या काढून मोठ्याने वाचायच्या. निकाल ठरलेला : फँटमला तीन मते, मँड्रेकला एक. ते एक मत कोणाचे, हे कोणी कबूल करीत नसे. मामा तर फँटमचे वकीलच होते. आजही त्यांचे ते तीन बालमित्र दिवाळीला जमले, की फराळाबरोबर हा विषय निघतो, आणि मामा फँटमची बाजू अशी मांडतात, की ऐकणाऱ्याला ती पाठ व्हावी.

मला ती पाठ आहे. मामा म्हणतात, फँटमजवळ कोणतीही जादू नाही, आणि हीच त्याची थोरवी. १५३६ साली चाच्यांनी एक गलबत लुटले. त्यातून एक तरुण तेवढा वाचून किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बुटक्या लोकांनी त्याला जगवले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी मी आणि माझे वंशज लढत राहू. बाप मेला, की मुलगा तोच पोशाख चढवतो. लोकांना वाटते, हा माणूस चारशे वर्षे जिवंत आहे. प्रत्यक्षात तो एकविसावा असतो; गोळी लागली तर मरेल असा. त्याची सारी ताकद एका अफवेत आहे. या एका कल्पनेने लेखकाला केवढे रान मोकळे झाले पाहा! कवटीच्या गुहेत पूर्वजांच्या वह्या रचून ठेवलेल्या आहेत. त्यातली कोणतीही काढावी आणि कोणत्याही शतकातली गोष्ट सांगावी. कारखान्यासारखी रोज गोष्ट पुरवणाऱ्या लेखकाला याहून चांगले कोठार कोणते मिळणार?

मँड्रेकची बाजू मांडायला घरात कोणी नव्हते, म्हणून ती लहानपणापासून मी घेतली. काळी उंच टोपी, पाठीवर झगा, बारीक मिशी, आणि हाताची एक हालचाल. समोरच्या गुंडाला वाटते, आपल्या हातातल्या बंदुकीचा साप झाला. सुरुवातीच्या गोष्टींत मँड्रेकची जादू खरीखुरी होती. पुढे फॉकने तिला आवर घातला आणि ती संमोहनापुरती ठेवली. मला वाटते, हे त्याच्यातल्या नाटकवाल्याला सुचले असावे. रंगभूमीवर तरी दुसरे काय घडते? पुठ्ठ्याची भिंत असते आणि आपण घर पाहतो. मँड्रेकच्या गोष्टी जंगलाला बांधलेल्या नाहीत. आज चोर पकडायचा, उद्या आरशापलीकडच्या जगात शिरायचे, परवा आकाशगंगेच्या सम्राटाकडे पाहुणे म्हणून जायचे. कल्पनेची एवढी मोकळीक फँटमला नाही.

इथवर सारे खेळीमेळीचे होते. बिघडले ते माझ्यामुळे.

द्वितीय वर्षाला असताना सरांनी वर्गात वसाहतवाद आणि साहित्य हा विषय फार तन्मयतेने शिकवला. नवे हत्यार हाती आले, की पोराला ते कशावर तरी चालवून पाहावेसे वाटते. दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला गेले, मामांचे मित्र जमले, नेहमीचा विषय निघाला, आणि मी उभी राहून व्याख्यानच दिले. म्हटले, हा फँटम कोण? काळ्या लोकांच्या जंगलात कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस. ते लोक त्याला वाचवतात आणि पुढे चारशे वर्षे त्याच्या गुहेचा पहारा करतात. त्या टोळीचे नाव 'बांदार', ते आपल्या कानांना कसे लागते? पहिल्या गोष्टीतल्या चाच्यांच्या टोळीला फॉकने नाव दिले 'सिंग'. तुमच्या इंद्रजालवाल्यांनी त्याचे 'सिंगा' केले आणि बंगालशी नाते सांगणाऱ्या देशाचे 'डेंकाली', म्हणून तुम्हाला काही टोचले नाही. आणि मँड्रेक तरी काय धुतल्या तांदळासारखा? त्याचा लोथार पाहा! आफ्रिकेतला राजपुत्र, राज्य सोडून एका जादूगाराच्या मागे चित्त्याचे कातडे नेसून फिरतो, मोडकेतोडके बोलतो, आणि सामान उचलतो. अशा गुलामाच्या गोष्टी तुम्ही पन्नास वर्षे जपून ठेवल्यात!

मित्र हसले. एकजण म्हणाले, "शिकली हो पोरगी!" मामा हसले नाहीत. त्यांनी पलंगावर पसरलेले गठ्ठे एकावर एक ठेवले, ट्रंकेत घातले, आणि कडी लावली. त्या सुट्टीत ती ट्रंक पुन्हा उघडली नाही. मला वाटले, माझा मुद्दा बिनतोड ठरला.

पुढच्या मे महिन्यात मामांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दुसरा डोळा आधीच अधू. काही दिवस वाचायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मामी दिवसभर कामात, म्हणून सोबतीला मी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा म्हणाले, "ट्रंक काढ. वाचून दाखव."

चित्रांची गोष्ट वाचून दाखवणे हा प्रकार कधी करून पाहा. नुसते संवाद वाचून भागत नाही. चौकटीत कोण कुठे उभा आहे, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाकडे पाहतो, हे सांगावे लागते. म्हणजे ते आधी पाहावे लागते. आजवर मी ही पाने चाळली होती. पाहिली त्या दुपारी. मँड्रेकची गोष्ट होती. एका चौकटीत लोथार काही बोलतो. मी वाचून पुढे गेले.

मामा म्हणाले, "थांब. लोथार काय म्हणाला, ते परत वाच."

मी वाचले. साधे, नीट वाक्य होते, मोडकेतोडके नव्हे. मामा काही वेळ गप्प राहिले. मग डोळे मिटूनच म्हणाले, "आमच्या खेळात लोथारनं बोलायचं नाही, असा नियम होता. फक्त उचलायचं."

"लोथार कोण व्हायचं, मामा?"

"दुसरं कोण होणार? चाळीत सगळ्यांत काळा मी, आणि अंगानंही थोराड. जंगलचा खेळ असला की गुहेचा पहारेकरी, जादूचा असला की लोथार. दोन वर्षं. फँटम व्हायला एकदा मागितलं, तर म्हणाले, फँटम गोरा असतो."

मला काय बोलावे ते सुचेना. दिवाळीत मी ज्याला गुलाम म्हटले होते, तो माझ्या समोर डोळ्यावर पट्टी बांधून पडला होता.

"चिठ्ठीतलं ते मँड्रेकचं मत माझं," मामा म्हणाले. "तोंडानं फँटम म्हणायचो. मँड्रेक म्हटलं असतं, तर म्हणाले असते, लोथारनं आपल्या मालकाला मत दिलं. पण त्या गोष्टींत आपला माणूस प्रत्येक पानावर होता गं. जगातला सगळ्यांत ताकदवान. आणि मँड्रेक त्याला दोस्त म्हणायचा. आमचा मँड्रेक म्हणत नव्हता."

रात्री मी जुन्या गोष्टींची पुनर्मुद्रणे आणि मालिकेचा इतिहास शोधून वाचला. माझे व्याख्यान खोटे नव्हते, अर्धे होते. १९३४ चा लोथार मी सांगितला तसाच होता. परंतु चित्रकार फिल डेव्हिस १९६४ मध्ये वारला, आणि पुढच्या वर्षी फ्रेड फ्रेडरिक्स आला, तेव्हा लोथारची भाषा सुधारली, वेष बदलला, आणि तो नोकराचा मित्र झाला. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा चालू होता, तो हाच काळ. तिकडे फँटमच्या देशात लुआगा नावाचा काळा डॉक्टर निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झाला, आणि फँटमला जंगलाबाहेरच्या एका लोकनियुक्त सरकारशी जुळवून घ्यावे लागले. डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करू लागली. १९७७ मध्ये लग्न झाल्यावरही तिने ती सोडली नाही. आपण तेविसाव्या वर्षी केलेली चूक पन्नाशीत, त्याच वाचकांच्या देखत दुरुस्त करणे किती लेखकांना जमते? बहुतेकांची जुनी पुस्तके कपाटात जशीच्या तशी राहतात. फॉकला रोज सकाळी नवी चौकट द्यावी लागे, म्हणून त्याला ही सवड मिळाली, असेही म्हणता येईल. पण मिळालेली सवड त्याने वाया घालवली नाही.

तरीही कवटीचे सिंहासन जागचे हलले नाही, हे विसरून चालणार नाही. ते हलवले असते तर फँटमच उरला नसता. काही चुका गोष्टीच्या पायातच असतात. तिथे लेखक वरचा मजला सुधारू शकतो. पाया उकरू शकत नाही.

आता नंबर. नाही लावला तर कँटीनमधली मंडळी म्हणतील, एवढे पुराण सांगून निकाल गुलदस्तात ठेवला. मालिका म्हणून मी पहिला नंबर फँटमला देते. होय, मीच! पिढ्यान्‌पिढ्या एकाच मुखवट्यात चाललेला माणूस, ही कल्पना फॉकच्या हातून दुसऱ्यांदा घडली नाही. मँड्रेकच्या गोष्टी रंगीबेरंगी आहेत, पण एकीची आठवण दुसरीला नसते. फँटमला मात्र चारशे वर्षांची आठवण आहे. परंतु फॉकने केलेली सर्वांत चांगली गोष्ट कोणती, असे विचाराल, तर ती मँड्रेकमध्ये आहे. त्याने लोथारला वाक्य दिले.

मामांची पट्टी सुटल्यावर त्यांना मी हा निकाल सांगितला आणि दिवाळीतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. माफीचे त्यांनी हातानेच वारले. म्हणाले, "बोललीस ते खरंच होतं की. पण फँटम कसा पहिला? मँड्रेकची बाजू सोडलीस?"

"तुम्ही घेतलीत ना आता."

या दिवाळीत मित्र पुन्हा जमले. चिठ्ठ्या टाकायची वेळ आली तेव्हा मामा म्हणाले, "टोपी ठेव बाजूला. माझं मत मँड्रेकला." कोणी काही बोलले नाही. मग ज्यांच्या घरी फँटमचा मुखवटा असे, ते काका चकली मोडत म्हणाले, "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

वाद त्या दिवशीही मिटला नाही; रात्री अकरापर्यंत चालला. या वेळी मँड्रेकच्या बाजूने मामा बोलत होते, आणि त्यांना मध्येच तोडायला कोणाचा धीर होत नव्हता.