कुंटा किंटे रायगडावर

शुक्रवारी ऑफिसमधून निघताना बॅगेत दोनच महत्त्वाच्या गोष्टी टाकल्या होत्या. ट्रेकचे शूज आणि ॲलेक्स हॅलीचं ‘रूट्स’. शूज वाया गेले, कारण आमच्या ग्रुपमधल्या एकीचा गुडघा दुखत होता आणि बाकीच्यांना आळस आला होता. मग सगळे रोपवेने वर गेलो. पुस्तक मात्र पूर्ण वीकेंड पुरलं.

तुम्ही वाचलं नसेल तर थोडक्यात सांगते. 1976 सालची कादंबरी. गांबियातला सतरा वर्षांचा कुंटा किंटे ढोल बनवायला लाकूड आणायला रानात जातो आणि तिथेच पकडला जातो. मग जहाज, साखळ्या, अमेरिका. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो तेव्हा नेमका मी त्या जहाजापर्यंत पोचले होते. गाडीचा एसी बंद करू नका म्हणून कुरकुर करत होते, ती आपोआप थांबली. इतिहासकारांच्या मोजणीप्रमाणे तीनशेहून जास्त वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास माणसं आफ्रिकेतून अशी अटलांटिकवर चढवली गेली. त्यात पोरंसोरं भरपूर.

“बरं झालं बाबा, आपल्याकडे असलं काही नव्हतं,” पुढच्या सीटवरून मित्र म्हणाला. मीही मान हलवली.

रायगडाची बाजारपेठ तुम्ही पाहिली असेलच. दगडी जोत्यांच्या दोन लांबच लांब रांगा, मधे रुंद रस्ता. दुपारचं ऊन, वारा भन्नाट. एका मावशींनी “घ्या ताई, ताक घ्या, गार हाय” म्हणत ग्लास पुढे केला. जोत्याच्या सावलीत बसून ताक पिताना मला आठवलं, की 1733 साली मराठ्यांनी हा गड परत घेतला तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडून. सिद्दी म्हणजे मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज विकले जाऊनच या किनाऱ्यावर आले. म्हणजे कुंटाचे चुलतभाऊ म्हणा ना! फक्त जहाज दुसऱ्या समुद्रात शिरलं.

या समुद्रातला हिशेब वेगळा होता. इथे उसाच्या मळ्यासाठी नाही, तर बऱ्याचदा फौजेसाठी आणि घरकामासाठी माणूस विकत घेत. फौजेतला गुलाम वर चढू शकायचा. मलिक अंबरच बघा. इथिओपियातला चापू नावाचा मुलगा, लहानपणीच विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि पुढे अख्खी निजामशाही चालवू लागला. 1624च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. आपल्या शाळेच्या पुस्तकात मलिक अंबर असतो, चापू नसतो. सक्सेस स्टोरी आपल्याला आवडते, तिची पहिली पानं नाहीत.

गडावरच मोबाईलवर एक फॉरवर्ड आला. (रायगडावर रेंज येते आणि फॉरवर्डही येतात.) महाराजांनी गुलामगिरीच बंद केली होती म्हणे. मूळ गोष्ट जास्त नेमकी आहे, आणि मला विचाराल तर जास्त भारी. 1676च्या दसऱ्याच्या सुमारास महाराज इथूनच दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले. पुढच्या वर्षी तमिळ मुलखात डच व्यापाऱ्यांना त्यांनी व्यापाराचा कौल दिला. त्यात एक कलम असं, की आधीच्या राजवटीत तुम्हाला इथली बायामाणसं विकत घेऊन बाहेर न्यायची मुभा होती. माझ्या राज्यात ती नाही, आणि प्रयत्न केलात तर माझे लोक अडवतील. साल 1677.  पण कलम आहे परक्या व्यापाऱ्यांच्या खरेदीबद्दल. घरातल्या गुलामीला त्याने हात लावलेला नाही.

ती घरात होतीच. पेशवाईच्या कागदांत तिचं नाव ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’. या बायकांची खरेदी-विक्री व्हायची, त्या बक्षीस दिल्या जायच्या, किल्ल्यांवर आणि सरकारी कोठ्यांत कामाला लावल्या जायच्या. व्यभिचाराचा ठपका आलेल्या बाईला शिक्षा म्हणून सरकारी बटीक करून टाकत. त्यांची पोरंही बहुधा तिथेच वाढायची. कोर्टाने गुलामीचा हक्क मानू नये असा कायदा कंपनी सरकारने केला तो 1843 मध्ये.

मित्राला हे सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हिरकणीची गोष्ट आहे आपल्याकडे. हिची का नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही खाली उतरलो.

महाडमध्ये संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. तळं गावाच्या मधोमध, भोवती घरं आणि दुकानं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब इथे ओंजळभर पाणी प्यायले, पस्तीस वर्षांचे होते तेव्हा. त्या परिषदेच्या तयारीत राबलेले रा. भा. मोरे याच तालुक्यातले, वय चोवीस. आपल्या टीममधल्या ज्युनिअरएवढं! पायऱ्यांवर बसल्यावर मला अटलांटिक पुन्हा आठवला, आणि तो ओढूनताणून नव्हे. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं तेव्हा ते अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या भल्या लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. आणि 1946 मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस यांना पत्र लिहून विचारलं, की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत, त्याची प्रत मिळेल का? म्हणजे ज्यांनी भोगलं त्यांना हे दोन समुद्र एकच आहेत हे केव्हाच कळलं होतं. गाडीत एसी लावून बसलेल्या आम्हालाच कळायचं राहिलं होतं.

रविवारी पोलादपूर. बहुतेक लोक इथे फक्त डावीकडे वळतात, आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला. थोडं थांबा. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे. जवळच उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. राजाला कवी मिळाला, सुभेदाराला शाहीर मिळाला. चांगलंच झालं. पण किल्ल्यावर पाणी भरणाऱ्या, चौदा-पंधरा वर्षांच्या एखाद्या बटकीवर आपल्याकडे जाडजूड ऐतिहासिक कादंबरी का असू नये? हॅलीकडे तरी काय होतं? घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेले चार आफ्रिकन शब्द आणि एक पूर्वज. बाकीचं त्याने रचलं, आणि त्यात किती खरं यावर अभ्यासक अजून भांडतायत. आपल्याकडे निदान दफ्तरं भरून कागद आहेत.

घाटाच्या आधी टपरीवर चहा घेतला. चुलीपुढे एक मावशी, बाकावर त्यांचे यजमान पेपर वाचत बसलेले. त्यांनी पेपरातून मान न काढता पाणी मागितलं. मग बिडीचं बंडल. मग परत पाणी.

“उठून घ्या की,” मावशी कडाडल्या, “मी काय बटीक हाय काय तुमची?”

सगळी टपरी हसली. काकाही हसले. मित्राने माझ्याकडे बघितलं.

“मावशी,” मी विचारलं, “बटीक म्हणजे काय हो?”

त्यांनी चहा गाळता गाळता क्षणभर विचार केला. “काय की बाय. आमची आजी म्हनायची.” मग काकांकडे एक नजर टाकली आणि कप पुढे सरकवला. काका उठून स्वतःच माठाकडे गेले.