मेहकरचे वकीलसाहेब

लोणारचं सरोवर पाहिलं की बायका मेहकरला उतरतात त्या शारंगधर बालाजीच्या दर्शनाला. १८८८ साली सापडलेली ती काळ्या पाषाणाची उंच मूर्ती आहेच डोळ्यांत साठवावी अशी. पण भगिनींनो, पैनगंगेकाठचं हे गाव मला ओढून नेतं ते कवी ना. घ. देशपांडे यांच्यासाठी. पेशानं वकील! त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, १९३२ च्या सुमारास तिची रेकॉर्ड निघाली अन् घरोघरी वाजली. मराठी भावगीत सुरू झालं ते तिथूनच, असं म्हणतात.

जोशीही वकिलीच शिकलेले. ती वाट सोडून ते एचएमव्हीत गेले, जन्मभर गाण्यातच रमले. नाघ मात्र मेहकरातच राहिले. रेकॉर्ड गाजली तरी पहिला संग्रह निघायला १९५४ उजाडलं! ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८६ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी.

लग्नानंतर पेटी माळ्यावर गेलेल्या आपल्यासारख्यांनी कुणाचा कित्ता गिरवावा? धाडस जोशींचं खरं. पण सगळं सोडून निघणं आपल्याला कुठलं जमायला? म्हणून मला नाघच जवळचे वाटतात. दर्शन झालं की घटकाभर नदीकाठी बसा, नि ‘शीळ’ आठवत असेल तर गुणगुणा. सूर चुकला तरी चालेल, बाई.