नवाबाचा वाडा आणि आमच्या घरचा शाप

अलिबागला लेकीकडे गेले की एकदा मुरूडला जाऊन येऊ, असं दर वेळी ठरायचं आणि दर वेळी काही ना काही निघायचं. कधी पाहुणे, कधी नातीची परीक्षा, तर कधी माझे गुडघे. 2025 च्या डिसेंबरात मात्र योग आला. लेक, तिची अकरावीतली मुलगी, आमचे हे आणि मी असे चौघं सकाळी सातला निघालो. डब्यात दडपे पोहे, थर्मासमध्ये चहा.

"जंजिरा बघायचा ना?" ह्यांनी विचारलं.

"जंजिरा बघूच," मी म्हटलं, "पण आधी मला सामरीचा वाडा बघायचाय."

हे माझ्याकडे बघतच राहिले. नात मात्र मागच्या सीटवरून ओरडली, "आजी! तू 'पुराना मंदिर' बघितलायस?"

तर मैत्रिणींनो, बघितलाय. कधी, कसा आणि कुणाला चोरून, ते पुढं सांगते.

अलिबागहून मुरूड पन्नासेक किलोमीटर. चौलच्या नारळी-पोफळीतून रस्ता जातो. रेवदंड्याला खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे साळाव, मग कोर्लई. पुढं उजव्या हाताला समुद्र मधूनमधून डोकावत राहतो. काशीदला सुरूच्या सावलीत चहा झाला. नांदगावच्या गणपतीला नमस्कार करून पुढं निघालो आणि मुरूड यायच्या आधीच टेकडीवर तो वाडा दिसला.

जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा हा राजवाडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. घुमट मोगली थाटाचे, कमानी विलायती, आणि समोर उघडा समुद्र. वाडा खासगी मालकीचा असल्यामुळे आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघायचा. दिवसाउजेडी भीती वाटावी असं काहीच नाही. उन्हात उभं असलेलं, थोडं थकलेलं, पण देखणं घर. माझ्या मनात आलं, एवढ्या सुंदर घराच्या नशिबी भूतबंगल्याचं काम यावं!

हे काम त्याला दिलं रामसे बंधूंनी. त्यांची हकीकत मोठी गमतीची आहे. वडील एफ. यू. रामसे यांचं मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर मुंबईला आले. 1970 साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा चित्रपट काढला. तो आपटला, पण पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोक खूश होते. मुलांनी ते बरोबर हेरलं आणि भुतांचाच धंदा करायचं ठरवलं. सातही भावांनी कामं वाटून घेतली, कुणी दिग्दर्शन, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन. 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळं बिऱ्हाड घेऊन महाबळेश्वरला गेले आणि तिथल्या विश्रामगृहातच चित्रीकरण केलं. सेट उभारायला पैसे कशाला, रिकामी घरं काय थोडी आहेत? आपण जुन्या साडीचे पडदे शिवतो, त्यातलाच हा प्रकार! काटकसरीचं मला कौतुकच आहे.

1984 च्या 'पुराना मंदिर'साठी त्यांनी मुरूडचा हा वाडा घेतला. त्यातला सामरी म्हणजे धिप्पाड, लाल डोळ्यांचा राक्षस. ते काम करणारे अजय अग्रवाल मूळचे इंजिनिअर. सामरीचं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे ठेवलेलं असतं. मरताना तो राजाला शाप देतो की, तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल.

नातीनं हा सिनेमा मोबाइलवर बघितला होता. "काय गं तो मेकअप आजी! आणि मधेच त्या जगदीपची कॉमेडी! मी तर हसून हसून मेले."

"मी नाही हसले," मी म्हटलं.

वाड्याच्या खालच्या बाजूला कठडा आहे. तिथं टेकून उभी राहिले आणि चाळीस वर्षांत लेकीला जे सांगितलं नव्हतं, ते दोघींना सांगितलं.

1985 साल नुकतंच लागलं होतं. मला सातवा महिना. आमच्या तालुक्याच्या गावात 'पुराना मंदिर' लागला आणि धाकट्या नणंदेनं हट्ट धरला. शिंप्याकडे झबली टाकायला जातो, असं सासूबाईंना सांगून आम्ही दोघी मॅटिनीला गेलो. बायकांची बाजू भरलेली. पहिली पंधरा मिनिटं आम्ही एकमेकींना चिमटे काढत होतो. मग तो शाप आला. मग एक बाई बाळंत झाली आणि गेली. माझे हातपाय गार पडले.

कारण तोच शाप आमच्या घरात होता. माझी थोरली जाऊ 1979 साली पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. त्याआधी सासूबाईंची एक नणंद तशीच गेली होती. "आमच्या घराला बाळंतपण लाभत नाही," हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून दाराआडून ऐकत होते. थोरल्या जाऊबाईंचा फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत, नाव कुणी घ्यायचं नाही, आणि ज्या खोलीत त्या गेल्या तीच खोली माझ्यासाठी सारवून ठेवलेली. पडद्यावर ठाकूर लेकीला सांगत होता की शापामुळे तू लग्न करू नकोस. मला वाटलं, आपलं तर लग्नही झालं आणि दिवसही भरत आले.

घरी आल्यावर नणंदेनं पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मी माजघरात बसून राहिले. सासूबाई आल्या. रागावल्या नाहीत. तेलाची वाटी घेऊन माझ्या पायांशी बसल्या आणि तळवे चोळता चोळता हळूच म्हणाल्या, "शाप-बिप काही नाही गं. रक्त नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आषाढाचे दिवस. बाळ अडलं, सुईण म्हणाली होईल मोकळी. थोरले दीर जीप आणायला निघाले, तर सासूबाईच म्हणाल्या, "पावसात कुठं नेता, आणखी थोडं थांबू." त्या थोड्यात रात्र गेली. मूल मेलेलंच जन्मलं, पण रक्त थांबेना. ओढ्याला पाणी आलेलं. पोचल्या तेव्हा तिथं रक्ताची बाटली नव्हती. "मीच थांबा म्हटलं," सासूबाई म्हणाल्या. "लोकांना काय सांगू? शाप आहे म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही."

त्या रात्री मला कळलं की घराघरांतले शाप असे तयार होतात. सत्य सांगवत नाही, म्हणून त्यावर भूत बसवायचं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच माझी ट्रंक भरली. तारखेच्या महिनाभर आधी मला जिल्ह्याच्या गावी मावससासूबाईंकडे ठेवलं, दवाखाना तिथून दहा मिनिटांवर. माझ्यासारख्याच रक्तगटाचे दोन नातेवाईक आधीच शोधून ठेवले. लेक सुखरूप झाली. सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "हे तुझ्यापाशी ठेव." मी ठेवलं. त्या गेल्यावरही ठेवलं.

कठड्याशी कुणी काही बोलेना. मग लेकीनं विचारलं, "काकूचं नाव काय होतं?" मी सांगितलं. नाव घरातलं आहे, इथं लिहीत नाही. पण त्या वाऱ्यात मोठ्यानं सांगितलं आणि फार बरं वाटलं. हे दूर गाडीपाशी उभे होते. त्यांनी ऐकलं. आपल्या थोरल्या वहिनीचं नाव त्यांनी किती वर्षांनी ऐकलं असेल! चष्मा काढून पुसत राहिले.

दुपारी मुरूडला एका घरगुती खानावळीत जेवताना नात गप्प होती. मग म्हणाली, "आजी, फ्रँकेन्स्टाइनसुद्धा असाच आहे." तिनं गिलेर्मो देल तोरोचा 2025 मधला नवा चित्रपट बघितला होता. त्यात व्हिक्टरची आई धाकट्या मुलाच्या बाळंतपणात जाते, आणि पोरगं मृत्यूवरच मात करायला निघतं.

मी म्हटलं, "मूळ गोष्ट कुणी लिहिली माहितेय ना? एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनं." मेरी शेलीचा जन्म 1797 चा, आणि तिला जन्म देऊन अकराव्या दिवशी तिची आई बाळंतज्वरानं गेली. 1815 साली मेरीचं स्वतःचं पहिलं मूल थोड्याच दिवसांत दगावलं. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या सरोवराकाठी, पावसानं घरात कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायचं ठरवलं आणि हिनं मेलेल्याला जिवंत करणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली. 1818 ला पुस्तक निघालं, तेही नावाशिवाय. 1931 च्या चित्रपटातला बोरिस कार्लोफचा चौकोनी कपाळाचा राक्षस सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्यामागची आई नसलेली मुलगी फारशी कुणाला ठाऊक नसते.

तेव्हापासून भयपटांविषयी माझं एक मत पक्कं झालं आहे. पटलं नाही तर खुशाल भांडा. ज्या भयपटात बाई फक्त किंचाळते तो वाईट, आणि ज्यात तिच्या खऱ्या भीतीची दखल घेतात तो चांगला. 'पुराना मंदिर'नं आमची भीती नेमकी पकडली आणि मग राक्षसाच्या मेकअपवर उधळून टाकली. राक्षस जळला की शाप संपला! रक्ताची बाटली कुठून आणायची, ते कोण सांगणार?

याउलट 2017 चा आपला मराठी 'लपाछपी' बघा. विशाल फुरियानं काढलेला. आठव्या महिन्यातली पूजा सावंत उसाच्या फडात अडकलेली, आणि भुतापेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे मुली मारणारी माणसं. पुढं हिंदीत त्याचाच 'छोरी' झाला, पण मला मराठीच अंगावर आला. उषा नाईकांच्या त्या गोड बोलण्याची मला भुतापेक्षा जास्त धास्ती वाटली.

2018 चा 'तुंबाड' मात्र सगळ्यांत वरचा. राही बर्वेंचा हा चित्रपट नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला. सततचा पाऊस, ओले वाडे आणि साखळदंडात बांधलेली म्हातारी. त्या म्हातारीचं काम एका लहान मुलानं मेकअपखाली केलंय, हे कळलं तेव्हा मी तोंडात बोट घातलं. त्यात भूत शेवटी माणसाच्या हावेचंच आहे. आणि खजिना कुठं? देवीच्या गर्भात. पुरुष एकामागून एक तिथं उतरतात, ओरबाडतात आणि वर येतात. लेकीला हे बोलले, तर ती म्हणाली, "आई, तू फार विचार करतेस." करते बाई!

विज्ञानपटांत यंत्रं फार आणि माणसं कमी, अशी माझी तक्रार आहे. अपवाद 1979 चा 'एलियन'. त्यात पोट-छाती फाडून बाहेर येणारं पिल्लू एका पुरुषाच्या अंगातून निघतं. बाळंतपणाची धास्ती एकदा तरी पुरुषाच्या वाट्याला दिली म्हणून मी त्या दिग्दर्शकाला शंभरपैकी शंभर देते. शेवटी वाचते ती एक बाई आणि तिच्या कडेचं मांजर. आमच्या ह्यांनी तो अर्ध्यात बंद केला होता!

संध्याकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा बघितला. चहूकडं पाणी, आणि होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठं आहे ते कळतच नाही. नात म्हणाली, "आजी, तुमच्या घरासारखं." पोरगी हुशार आहे.

घरी परतल्यावर पहिलं काम केलं. माळ्यावरची ट्रंक काढली. फोटोला वाळवी लागली नव्हती. काच बसवून आणली आणि सासूबाईंच्या फोटोशेजारी लावला. दोघींची तिथं काय बोलणी होतील ती होवोत.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा थंडीतच जावं. होडीत चढता-उतरता तोल सांभाळावा लागतो, साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. पाण्याची बाटली आणि टोपी न्यावी.

आणि तुमच्या घरात एखादं गरोदर लेकरू असेल, तर दवाखाना किती लांब, रात्रीची गाडी कुणाची आणि रक्त कुठं मिळेल, हे आठव्या महिन्याच्या आत लिहून भिंतीला लावा. बाळंत झाल्यावर रक्त थांबत नसेल तर "थोडं थांबू" म्हणू नका. वेळेवर इंजेक्शन, सलाईन आणि रक्त मिळालं तर बहुतेक बायका वाचतात. माझ्या जाऊबाईही वाचल्या असत्या.