घरची गाडी

चालत्या गाडीला पाना लावू नये, असे माझे वडील म्हणत. त्यांच्याजवळ जन्मभर सायकलच होती. तेव्हा मोटारीविषयीचे त्यांचे मत मी कधी मनावर घेतले नाही. आज मात्र कबूल करतो की त्या एका वाक्यावर मी विश्वास ठेवला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते. आणि पैशांहून मोठे असे जे काही गेले, तेही कदाचित वाचले असते.

माझी गाडी मारुती एस्टीम. २००६ सालची, मी २०१२ साली सेकंडहँड घेतली. १२९८ सीसीचे इंजिन, सोळा व्हॉल्व, ८५ अश्वशक्ती, आणि अंगाने अगदी हलकी. तिचे उत्पादन २००७ सालीच थांबले. पण जळगावात तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि तिचे नाव काढले की जुने मिस्त्री अजून मान डोलावतात. हलके अंग आणि हौशी इंजिन, यामुळे एकेकाळी शर्यतीवाल्यांनीही तिला हाती धरले होते. मला हे सारे नंतर कळले. मी घेतली ती शाळेत जाण्यायेण्यासाठी आणि महिन्यातून एकदा आईला धुळ्याला नेण्यासाठी.

आईचे माहेर धुळ्याचे. तिची थोरली बहीण, माझी मावशी, तिथेच राहत असे आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे करीत धुळे गाठायचे म्हणजे सुमारे ९० किलोमीटर. रस्ता म्हणजे तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा. हल्ली त्याला ५३ म्हणतात. आता तो चौपदरी झाला आहे. तेव्हा दुपदरीच होता. हजिऱ्याहून कलकत्त्याकडे जाणारी अवजड वाहतूक, केळीचे ट्रक, कापसाच्या गाठी, उसाच्या गाड्या आणि एस्टी या सर्वांना मिळून तेवढीच एक डांबरी पट्टी होती.

२०१५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पारोळ्याच्या अलीकडे संध्याकाळी मी एका केळीच्या ट्रकला ओलांडायला निघालो. गाडीत आई, बायको, मागे ज्वारीचे पोते, आणि एसी चालू. ट्रकच्या निम्म्यावर आलो आणि समोरून दिवे दिसले. मी एक्सलेटर तळाला नेला, पण गाडी पुढे सरकेना. ती नुसती घुमल्यासारखा आवाज करीत राहिली. शेवटी मीच ब्रेक दाबून ट्रकच्या मागे परत शिरलो, आणि समोरचा टँकर इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. कोणी काही बोलले नाही. आई तेवढी म्हणाली, “हयू, हयू चाल.” त्या रात्री मी ठरवले, या गाडीत जोर आणायचा.

मोटारीत जोर आणण्याचा नाद काही आजचा नाही. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसिडर यांखेरीज ज्या काळी लोकांना फारशी निवड नव्हती, त्या काळीही मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच घरगुती गाड्या आतून बदलून पळवल्या जात. खानदेशात शर्यती नव्हत्या. इथे बदल होत ते पोटासाठी. पेट्रोल परवडेना म्हणून अँबॅसिडरच्या पोटात डिझेलचे इंजिन बसवलेल्या गाड्या मी लहानपणी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या धूर ओकीत, थरथरत, पण नवरदेवासकट अख्खे वऱ्हाड वाहून नेत. म्हणजे गाडी बदलणे आपल्याकडे कुणाला गैर वाटत नसे. ती कुणासाठी बदलायची, एवढाच प्रश्न असतो, आणि तो मी स्वतःला विचारला नाही.

मला एक हौशी, तरुण मिस्त्री भेटला. त्याने शास्त्र सांगितले, आणि ते खोटे नव्हते. इंजिन म्हणजे एक भाता. जितकी हवा आत ओढील आणि जितका जळका वायू मोकळेपणाने बाहेर टाकील, तितकी शक्ती. म्हणून त्याने मूळचा एअर फिल्टर काढून बोनेटखाली उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला. मागे मोकळ्या घशाचा सायलेन्सर लावला. हेडला फेस मारून ते केसभर घासले, म्हणजे मिश्रण अधिक दाबले जाऊन स्फोट जोराचा व्हावा. कॅमशाफ्ट बदलली, म्हणजे व्हॉल्व अधिक वेळ आणि अधिक उघडे राहावेत. शेवटी, गाडी वळणावर झुकू नये म्हणून आखूड आणि कडक स्प्रिंगा घातल्या. गाडी दोन बोटे खाली बसली आणि खरोखर देखणी दिसू लागली.

डिसेंबरच्या एका पहाटे मी एकटाच ती घेऊन धुळ्याच्या रस्त्याला लागलो. खोटे कशाला बोलू? त्या दिवशीचा आनंद मी विसरलेलो नाही. बांभोरीचा गिरणेवरचा पूल मागे पडला, रस्ता मोकळा झाला, आणि काटा चार हजारांच्या वर गेल्याबरोबर त्या इंजिनाचा आवाजच बदलला. रोज ज्या रस्त्याने मी खाली मान घालून जातो, तो रस्ता माझ्या पुढ्यात गुंडाळला जात होता. पस्तिशीच्या माणसाला असा आनंद फार वेळा मिळत नाही. एरंडोलला चहा प्यायला थांबलो तेव्हा माझे हात थरथरत होते आणि मी उगाच हसत होतो.

मग रोजचे आयुष्य सुरू झाले. चार हजारांच्या वर पळणारी ती कॅमशाफ्ट दोन हजारांच्या खाली अगदी आळशी होती. फुले मार्केटच्या गर्दीत गाडी पुढच्या सायकलमागे चार हात सरकवायची तर ती आचके देई आणि बंद पडे. उंचवट्यावर चेंबर घासे. मोकळ्या सायलेन्सरचा घुमणारा आवाज अर्ध्या तासाने डोक्यात बसे. ॲव्हरेज उतरले. खानदेशची काळी माती फाल्गुनापासून पीठ होऊन उडू लागते. ती त्या उघड्या फिल्टरच्या विरळ जाळीतून आत जाऊ लागली. आणि मे महिना आला तेव्हा तर त्या शास्त्रानेच माझ्यावर सूड घेतला. हिवाळ्यातल्या पहाटेची १० अंशांची हवा आणि मेमधली ४४ अंशांची हवा यांत तेवढ्याच जागेत उन्हाळ्याची हवा वजनाने सुमारे ११ टक्के कमी भरते. त्यातून माझा फिल्टर बोनेटखालची, इंजिनानेच तापलेली हवा ओढत होता. घासलेल्या हेडमध्ये दाब वाढलेला, हवा तापलेली, पेट्रोल साधे. ठिणगी पडण्याची वाट न पाहता मिश्रण भलत्या वेळी पेटू लागले आणि चढावर इंजिनातून खडे वाजवल्यासारखा आवाज येऊ लागला. डिसेंबरमध्ये जो जोर मी विकत घेतला होता, तो मेमध्ये माझ्याजवळ नव्हताच.

हे सारे मी सहन केले. माणूस पैसे घालून आणलेला त्रास फार काळ सहन करतो. आईने मात्र केला नाही. ती तक्रार करणाऱ्यांतली नव्हे. जानेवारीत म्हणाली, यंदा थंडी फार आहे. फेब्रुवारीत कसलेसे व्रत होते. मार्चमध्ये पाय दुखत होता. मी प्रत्येक वेळी मान हलवली. मग आखाजी आली. आखाजीला माहेरी जाणे म्हणजे खानदेशच्या बायकांना काय, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. तिचे वय सत्तरीचे असो, झोका आठवतोच. त्या दिवशी दुपारी मी गाडी पुसून दारात उभी केली, तर आई घरात नव्हती. सकाळीच पिशवी घेऊन एस्टीने गेली होती, मेच्या उन्हात, माझी गाडी दारात असताना.

रात्री परत आल्यावर मी चिडून विचारले. ती कंबरेला हात लावून ओट्यावर बसली होती. तिच्या मणक्यांची झीज झालेली मला ठाऊक होती. कडक स्प्रिंगांचा प्रत्येक दणका कुठे जात असेल हे मी कधी मोजले नव्हते. ती शांतपणे म्हणाली, “हाई गाडी आते तुनी व्हयनी, घरनी नही राहिनी.”

दुसऱ्या दिवशी मी अजिंठा चौफुलीकडच्या एका म्हाताऱ्या वस्तादाकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडले, पाहिले, बंद केले. हे सगळे कशासाठी केले, असे विचारले. मी पारोळ्याच्या ट्रकची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सर, तेव्हा गियर कोणता होता?”

मी म्हणालो, “पाचवा.”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी फडक्याला हात पुसले. मला घाम फुटला. ८५ अश्वशक्ती म्हणून जी कागदावर लिहिलेली असते, ती इंजिन सहा हजार फेऱ्यांवर असतानाची. पाचव्या गियरमध्ये सत्तरच्या वेगाला ते जेमतेम दोन-अडीच हजारांवर असते. त्या घोड्यांतले निम्मे तर तबेल्यातच असतात. तिसरा टाकून निघालो असतो आणि एसी बंद केला असता, तर त्याच गाडीने तो ट्रक मुकाट्याने ओलांडला असता. उणीव गाडीत नव्हती. गाडीत जे होते ते मागायचे कसे, हे मला ठाऊक नव्हते.

वस्तादांनी ते सारे काम पंधरा दिवसांत उलटे केले. मूळची कॅमशाफ्ट मी ठेवली होती म्हणून बरे. हेड मात्र दुसरे आणावे लागले. मूळचा फिल्टर, मूळचा सायलेन्सर, मूळच्या उंचीच्या स्प्रिंगा. मग त्यांनी आपल्या मताने चार सुधारणा केल्या. चांगले शॉकअप. चौदा इंची चाके आणि १८५/६० चे टायर. रबर थोडे रुंद, पण चाकाचा बाहेरचा घेर मूळच्याइतकाच, म्हणून वेगाचा काटा खोटे सांगत नाही. नवे ब्रेक पॅड आणि ब्रेकचे ताजे तेल; ते तेल हवेतली ओल पीत राहते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. नवे प्लग, साफ केलेला थ्रॉटल. “आधी थांबणं सुधरवा, मग पळणं,” ते म्हणाले. हिशेब साधा आहे. साठचा वेग एकशेवीस केला तर थांबवायची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि मिळते काय? धुळ्याचे ९० किलोमीटर सरासरी ऐंशीने गेलो तर ६७ मिनिटे, शंभराने गेलो तर ५४. तेरा मिनिटांसाठी मी आईची जागा दिली होती.

कायद्याची बाजू मला त्याही नंतर कळली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीत कारखान्याने दिलेला तपशील आहे, त्याच्याशी विसंगत बदल करू नये. आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले. रंग बदला, परवानगीने त्याच जातीचे इंजिन घाला. पण गाडीचा मूळ तपशील मोडू नका. २०२१ साली पंधरा वर्षे भरली तेव्हा फेरनोंदणीसाठी गाडी आरटीओत नेली. तपासणाऱ्याने खाली वाकून पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक पाहिले, आणि ती पास झाली. शाळेतल्या मुलांना मी जो शेरा लिहितो तो आठवला: प्रगती समाधानकारक.

हिशेबात एक आकडा मात्र उरतो. डिसेंबर ते मे या महिन्यांत आई मावशीकडे दोनदाच जाऊ शकली, दोन्ही वेळा एस्टीने. गाडी पूर्ववत झाल्यावर मी तिला दर महिन्याला नेले, कधी दोनदाही नेले. पण पुढच्या वर्षी चैत्रात मावशी गेली. ते पाच-सहा महिने मावशी खिडकीकडे तोंड करून पडलेली असे आणि दारात गाडी थांबली की विचारी, असे मला पुढे मावसभावाने सांगितले. त्याने ते दोष देण्यासाठी सांगितले नव्हते. आईने तर हा विषय कधीच काढला नाही.

ती उघड्या व्हॉल्वची कॅमशाफ्ट अजून माझ्या कपाटात आहे, तेलाच्या कापडात गुंडाळलेली. विकत नाही, टाकतही नाही. त्या पहाटेची आठवण खोटी नव्हती, म्हणून ठेवली आहे.

यंदाच्या आखाजीला आईला घेऊन धुळ्याला गेलो. मावशीच्या सुनेने बोलावले होते. रस्ता आता रुंद आहे. समोरून दिवे येत नाहीत, ट्रक डाव्या बाजूने आपल्या गतीने जात राहतात. मला ऐंशीवर घाई वाटत नाही. पाळधी गेले, एरंडोल गेले. आरशात पाहिले तर आईची मान कलली होती आणि तोंड थोडे उघडे होते. पूर्वी ती नेहमी एरंडोल सोडले की झोपत असे. मी एसी जरासा कमी केला. फागणे मागे पडले तेव्हा ती जागी झाली, पदर सावरला आणि बाहेर पाहत म्हणाली,

“धुये उनं का?”

“उनंच,” मी म्हणालो, आणि गियर खाली घेतला.