आईला समुद्र दाखवायचा होता

आमच्या शिरवळच्या वस्तीतून वर्षभर गाड्या निघतात. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, ज्याला जमेल त्याला नागपूर. लहानपणापासून आम्ही या गाड्यांत बसत आलो. गर्दीत उभे राहायचे, अभिवादन करायचे, पुस्तके घ्यायची आणि रातोरात परत फिरायचे, कारण सकाळी कामावर हजर राहायचे असते. याबद्दल आमची तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या धाकट्या मुलीने विचारले, "आपण सगळे मिळून नुसतं बघायला कधी जायचं?" आणि तिच्या मागोमाग आई म्हणाली, "मला दर्या बघायचाय. नीट बघायचाय."

आई दोनदा चैत्यभूमीला गेली आहे. म्हणजे ती समुद्राच्या अगदी काठावर जाऊन आली. पण दोन्ही वेळा रात्रभर रांग, पुढे माणसांच्या पाठी, आणि अभिवादन झाले की गाडी गाठायची घाई. "वास आला, गाज ऐकली, पाणी काय दिसलं न्हाई," असे ती सांगते. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, नंतर लोकांच्या शेतात खुरपणी केली. आता अठ्ठ्याहत्तरी आली, गुडघे बोलतात. तिला समुद्राचे वेड लागले ते रमाईमुळे. रमाईचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहत, हे तिने विहारातल्या व्याख्यानात ऐकले होते. "पाटी मीबी वाहिली. पर बंदर कसं असतंय, ते बघाय पायजे," एवढेच तिचे म्हणणे.

एकदा आम्ही तो प्रयत्न केला होता आणि फसलो होतो. वाचक बंधू-भगिनींनो, ते आधी सांगतो, कारण यशापेक्षा फजितीतून जास्त शिकायला मिळते. २०१२ साली २० मार्चला महाडला जायचे आणि तसेच पुढे समुद्र गाठायचा असे आम्ही ठरवले. ठरवले म्हणजे काय, ओट्यावर बसून बोललो. गाडी पहाटे पाचला येणार होती, ती आली साडेसातला. वरंधा घाट उतरून महाडला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. क्रांतिदिनाची गर्दी, गाडी दूर लावावी लागली. तळ्यापर्यंत चालत गेलो, ओंजळीत पाणी घेतले, डोळे भरून आले. पण वर आलो तेव्हा चार वाजले होते. चालक म्हणाला, आता समुद्र विसरा, घाटात अंधार होईल. त्याचेही चुकले नव्हते. परतीला आई गप्प होती. भोरजवळ आल्यावर एवढेच म्हणाली, "तळं बघितलं, बास झालं." ते 'बास' आमच्या मनात तेरा-चौदा वर्षे रुतून होते.

म्हणून या वेळी आम्ही वही काढली. प्रवासाची आखणी ही हौशी माणसांची गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. खरे तर आपल्या माणसांना ती कायम जिवावरची गोष्ट होती. १९०१ साली बाबासाहेब लहान असताना भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून खटाव तालुक्यात नोकरीवर असलेल्या वडिलांकडे निघाले. पाडळीला आगगाडीत बसले आणि मसूरला उतरले. येत असल्याचे पत्र आधी धाडले होते, पण नोकराने ते वडिलांना दिलेच नाही. न्यायला कोणी आले नाही. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी एकाने दुप्पट भाडे घेतले, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. जवळ डबा होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून रात्र उपाशी गेली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. आपल्याच सातारा जिल्ह्यातला हा प्रवास.

आणि तेच बाबासाहेब १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेला कसे गेले, तेही पाहा. नेहमीचा रस्ता धरमतरवरून पुढे मोटारीने जाण्याचा. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर? म्हणून २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून दासगाव बंदराला उतरायचे ठरले. मोटार मिळाली नाही तरी तिथून महाड पाच मैल, चालत जाता येते. २५ तारखेला दुपारी बोट लागली, मंडळी पायी महाडला गेली आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. गाडी मिळाली नाही तर काय, हा प्रश्न आधीच विचारून ठेवणे म्हणजे आखणी. आम्ही हाच धडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

पहिला प्रश्न सुट्टीचा. पुण्यातल्या धाकट्या भावाची कारखान्याची सुट्टी गुरुवारी, आमची रविवारी. ठेकेदारीतल्या माणसाचा खाडा म्हणजे पगार कापला. भावाने महिनाभर आधी सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली. गाडी पुण्याहून निघून त्याच्या कुटुंबाला घेईल आणि आम्हाला शिरवळला उचलेल असे ठरले.

दुसरा प्रश्न पैशांचा. दर पौर्णिमेला विहारात जमतो तेव्हा मोठ्या माणसामागे शंभर रुपये काढायचे, मुलांचे पन्नास. दहा पौर्णिमा हे चालले. एकदम हजार रुपये काढताना घर हलते, शंभराने हलत नाही. कर्ज काढून सहल करायची नाही, हे आईने आधीच बजावले होते.

तिसरा प्रश्न वहिनींनी उभा केला आणि तो रास्त होता. "सतरा माणसांचा स्वयंपाक करायला आम्ही रात्री दोनला उठायचं असेल, तर सहल तुमची, आमची नाही." म्हणून ठरले की भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि उकडलेली अंडी एवढेच न्यायचे, तेही घरटी वाटून. अंडी सोलणे, कांदे चिरणे आणि पाण्याचे कॅन भरणे पुरुषांकडे. सकाळची न्याहारी महाडला विकत. आणि बायकांना आडोशाची सोय कुठे आहे, हे एस.टी. स्थानके धरून आधीच लिहून ठेवायचे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. समुद्र कधी बघायचा? आम्ही सवयीने पौर्णिमा धरली होती. भावाच्या कारखान्यातला एक सहकारी रायगडकडचा आहे. तो म्हणाला, पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते, आणि भरती ऐन दुपारी बाराच्या सुमारास. पोरे, म्हातारी घेऊन त्या वेळी पाण्यात उतरू नका. त्याने कोळ्यांचा हिशेब सांगितला : तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीचे आठ, पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि दुपारी बाराला ओहोटी. शिवाय अष्टमीला पाण्याचा जोर कमी. ओहोटी संपून पाणी हळूहळू चढू लागते, तेव्हा काठावर पाय भिजवायला बरे. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. शाळेत आम्ही भरती-ओहोटी पाठ केली होती, पण ती अशी कामाला येईल असे कधी वाटले नव्हते. वस्तीतले एक काका कुरकुरले, "पौर्णिमा सोडून अष्टमी?" त्यांना सांगितले, अष्टमी हाही उपोसथाचाच दिवस आहे. ते हसले आणि मान्य केले.

शेवटचा प्रश्न काय सोडायचे याचा. पोरांना रमाईचे वणंद, आंबडवे, दापोली, दाभोळ सगळे हवे होते. नकाशा घेऊन हिशेब केला. शिरवळहून भोरमार्गे महाड नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, त्यातला मोठा भाग घाटाचा. महाडपासून श्रीवर्धन आणखी साठ-सत्तर. त्याच्यापुढे एका दिवसात काही बसत नाही. दाभोळला मुक्कामाची सहल लागते, ती पुढे करू. २०१२ ची चूक हीच होती की आम्ही काहीच सोडले नव्हते, म्हणून महत्त्वाचे सुटले.

गेल्या वर्षी माघात अष्टमीजवळच्या रविवारी निघालो. गाडी चारला सांगितली होती, आदल्या रात्री दोनदा फोन करून खात्री केली. चार वाजून दहा मिनिटांनी गाडी दारात. त्रिशरण-पंचशील घेऊन निघालो.

भोर सोडल्यावर नीरा-देवघर धरणाचे पाणी उजाडता उजाडता दिसू लागले. हीच आपली शिरवळची नीरा. धाकटीने विचारले, हे पाणी आपण बघायला चाललोय त्या समुद्राला मिळते का? नाही. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी पार पूर्वेच्या समुद्राला जाते. घाट ओलांडला की पलीकडचे पाणी सावित्रीत उतरते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. "मंजी आपलं पानी लई लांबनं जातंय," आई म्हणाली.

महाडला सकाळी साडेसात वाजता चवदार तळ्यावर माणसे मोजकीच. आईला पायरीवर बसवले, मुलांना पाण्यातला बाबासाहेबांचा पुतळा दाखवला आणि सावकाश सगळे सांगितले : मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव, पाठोपाठ १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव, तरी प्रत्यक्षात पाणी बंदच, मग २० मार्च १९२७ चा सत्याग्रह, आणि पुढे दहा वर्षे कोर्टात लढून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. अभिवादनाच्या दिवशी गर्दीत जावेच. पण मुलांना समजावून सांगायचे असेल तर एखाद्या साध्या दिवशीही जावे, असे आमचे अनुभवाचे सांगणे आहे.

पुढे हमरस्त्यालगत गांधारपाले लेणी आहेत, जवळजवळ तीस. आईला खाली सावलीत ठेवून आम्ही पाळीपाळीने वर गेलो. आपल्या शिरवळजवळच्या पांडवदऱ्यातही पंधरा बौद्ध लेणी आहेत. बंदरात उतरलेला माल घाट चढून देशावर जाई, त्या वाटांच्या आसऱ्याने भिक्खूंची अशी निवासस्थाने उभी राहिली. म्हणजे आपण नवीन रस्ता धरला नव्हता, फार जुन्या वाटेनेच उलटे चाललो होतो. दासगावला दोन मिनिटे गाडी थांबवून खाडीकडे पाहिले. लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ रस्त्यावरून दाखवले. दहावीतला पुतण्या मान वळवून बघत राहिला. एकाही शब्दाचा उपदेश आम्ही केला नाही.

गोरेगाव, म्हसळा करीत साडेबाराला श्रीवर्धन. सुपारीच्या बागा संपल्या आणि एकदम समोर समुद्र. ओहोटीमुळे वाळू लांबवर उघडी. दोघा मुलांनी आईला दोन्ही बाजूंनी धरले. ती लुगडे थोडे वर घेऊन पाण्याच्या कडेला थांबली. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा ती दचकली, मग हसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले,

"ह्ये कुनाच्या मालकीचं?"

"कुणाच्याच नाही, आई. सगळ्यांचं."

"मग कुनी आडवायचं न्हाई?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिथेच ओल्या वाळूत बसली. अडीच वाजेपर्यंत उठली नाही. भाकरीही तिथेच खाल्ली.

ठरल्याप्रमाणे तीनला निघालो. मुलांनी हट्ट केला, पण वही दाखवली. साडेपाचला महाड, दिवस असताना घाट चढलो, नऊच्या आत घरी. सोमवारी सगळे कामावर.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पावसाळ्यात ही सहल काढू नका. वरंधा घाट त्या दिवसांत बंद ठेवतात. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, हे विसरू नका. इतर वेळीही रस्त्याच्या कामासाठी घाट बंद असू शकतो, म्हणून आधी भोरला चौकशी करा. तो बंद असेल तर महाबळेश्वर-पोलादपूर मार्गे महाडला जाता येते, पण मग एका दिवसात समुद्र धरू नका. स्वतंत्र गाडी परवडत नसेल तर एस.टी. आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. वस्तीची मोठी सहल असेल तर आगारात प्रासंगिक कराराची चौकशी करा.

आईने एका बाटलीत समुद्राचे पाणी आणले आहे. खारट आहे, कशाच्याच कामाचे नाही. ते फोटोखालच्या फळीवर ठेवले आहे. कोणी विचारले की सांगते, "दर्या हाय त्यो. आमी जाऊन आलो." आता दाभोळसाठी पौर्णिमेचे शंभर रुपये पुन्हा सुरू झाले आहेत, आणि पहिली नोट तिनेच दिली.

जयभीम!