अलकापुरीतील सुती फडके

'अलंकापुरी' हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या मनासमोर इंद्रायणीकाठची आळंदी उभी राहते. संस्कृत काव्याची गोडी असलेल्या वाचकास मात्र 'अलका' म्हटले की कालिदासाच्या मेघदूतातील यक्षांची नगरी आठवते. धनाधिपती कुबेराची ती राजधानी. बडोदे शहरात रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस अलकापुरी नावाची जी वस्ती आहे, तिचे नाते या दुसऱ्या नगरीशीच अधिक जुळते. तेथील सराफांच्या पेढ्या, बँकांच्या इमारती आणि रात्री उशिरापर्यंत लखलखणारी दुकाने पाहिली म्हणजे कुबेराची आठवण अस्थानी वाटत नाही.

मुंबईहून बडोदे रेल्वेने सुमारे ३९० किलोमीटर. वापी, सुरत ओलांडून गाडी भडोचला नर्मदेच्या पुलावर येते आणि मग दोन्ही बाजूंस काळी कसदार जमीन पसरू लागते. या मुलखाला 'कानम' म्हणतात. कापसाचा हा जुना प्रदेश. येथील कापूस भडोचच्या नावाने दूरदूर जात असे. बडोद्याला उतरून पूर्वेच्या दाराने बाहेर पडावे, तर सयाजीगंज, विद्यापीठाचा भव्य घुमट आणि १८७९ साली उभारलेली सयाजीबाग, म्हणजे बडोदेकरांची कमाटीबाग, ही सारी जवळच. पश्चिमेच्या दाराने बाहेर पडावे, तर समोर अलकापुरी. या दोन बाजू रुळांखालच्या ज्या गरनाळ्याने जोडलेल्या आहेत, ते पावसाळ्यात पाण्याने भरले की शहराचे जणू दोन तुकडे होतात.

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त बडोद्यास स्थायिक झाले आहे. त्यांच्या आग्रहावरून गेल्या हिवाळ्यात चार दिवस अलकापुरीत मुक्काम घडला. परमुलखात आलो आहोत असे क्षणभरही वाटले नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन या संस्थानाचा अधिपती झाला, आणि सयाजीराव महाराजांच्या त्या प्रदीर्घ कारकिर्दीत बडोदे हे मराठी विद्येचेही एक माहेरघर बनले. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कलाभवनाची स्थापना १८९० सालची. हातांना हुन्नर शिकविणारी ती शाळा, आणि आपले दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. दांडिया बाजाराच्या बाजूस आजही मराठी सहज ऐकू येते. गुजराती शब्दांची फोडणी मिळालेली ती मराठी कानाला मोठी गोड लागते.

अलकापुरीतून जाणारा मुख्य रस्ता आर. सी. दत्त यांच्या नावाचा आहे. रस्त्यावरून नित्य ये-जा करणाऱ्या किती जणांस हे दत्त कोण हे ठाऊक असेल, याची शंका वाटते. रमेशचंद्र दत्त हे बंगालचे; सनदी नोकरीतून निवृत्त झाल्यावर सयाजीरावांनी त्यांना बडोद्यास बोलावून घेतले. ते संस्थानाचे दिवाण झाले आणि १९०९ साली बडोद्यातच त्यांचे देहावसान झाले. इंग्रजी अमलात या देशातील सूतकताई आणि हातमाग कसे बुडाले, घरोघरच्या स्त्रियांच्या हातचे काम कसे गेले, हे त्यांनी हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासावरील आपल्या ग्रंथात आकड्यांनिशी मांडले. त्याच बडोदे संस्थानातील विजापूर येथे पुढे गंगाबेन मजमुदार यांनी अडगळीत पडलेले चरखे शोधून काढले आणि गांधीजींच्या आश्रमास सूत मिळू लागले. रस्त्याच्या एका पाटीमागे केवढा इतिहास उभा असतो!

याच रस्त्याच्या एका आडवळणावर, नव्या उंच इमारतींच्या मधोमध, एक जुना बंगला अद्याप तग धरून आहे. आमच्या यजमानांचे ते शेजारघर. तेथे सुमारे ऐंशी वर्षांच्या एक मराठी आजी राहतात. जन्म बडोद्याचा, सारे आयुष्य शाळेत शिकविण्यात गेले. यजमानीणबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या त्या वेळी आजी ओसरीवर उन्हात बसून विणीत होत्या. हातात दोन सुया, मांडीवर पांढऱ्या सुती दोऱ्याचा गुंडा. मी वाकून पाहिले; तो ना स्वेटर होता, ना बाळाचे टोपडे. नऊ इंच लांब, नऊ इंच रुंद असा साधा चौकोन होता.

"आजी, हे काय विणता?" मी विचारले.

"मसोतं, फादर," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं फडकं म्हणत असतील. भांडी पुसायचं, ओटा पुसायचा."

मी नीट न्याहाळले तेव्हा ध्यानात आले की आजींची नजर हातांकडे मुळीच नव्हती. काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली आहे. उजेड आणि सावली एवढाच भेद कळतो. वाचन सुटले, वह्या सुटल्या, शिवण सुटली. "सुईत दोरा ओवता येईना त्या दिवशी वाटलं, आता आपण नुसतं जेवायचं आणि निजायचं," असे त्या अगदी सहज सांगून गेल्या. मग सुनेने एकदा सुती दोरा आणून दिला आणि हात आपले जुने काम आपोआप आठवू लागले.

अंधारात हे काम कसे साधते, याचे रहस्य त्या विणीतच आहे. सुयांवरच्या विणकामाचे मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. सुलट टाका समोरून सपाट दिसतो, उलट टाक्याची समोर एक बारीक गाठ उमटते. आणि एका बाजूने जो सुलट, तोच दुसऱ्या बाजूने उलट. आजी जी वीण घालतात तिला त्या 'साबुदाणा' म्हणतात, कारण सारे कापड साबुदाणा पसरल्यासारखे दाणेदार दिसते. तिचा नियम एका ओळीत सांगता येतो: सुईवरचा जो टाका बोटाला गाठीचा लागेल तो सुलट विणावा, जो सपाट लागेल तो उलट विणावा. मोजणे नको, कागदावरचा नमुना नको. डाव्या हाताचा अंगठा टाक्यावरून फिरतो, गाठ वाचतो, आणि उजवा हात त्याप्रमाणे चालतो. गुळगुळीत विणीत आजी वाट चुकल्या असत्या. या खडबडीत विणीत प्रत्येक टाका स्वतःची ओळख सांगतो.

आमच्या भगिनी वाचकांस कृतीही सांगून ठेवतो. आजींनीच ती मला आवर्जून सांगितली. दोरा जाडसर आणि शुद्ध सुती असावा. दुकानात 'लोकर' म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा अॅक्रिलिक असते. ते पाणी शोषीत नाही आणि तापलेल्या भांड्याला लागले तर वितळते. सुताचा गुण निराळा. ते पाणी पिते, उकळत्या पाण्यात धुता येते, आणि ओले झाले असता दुबळे न होता उलट अधिक बळकट होते. सुया चार मिलिमीटरच्या घ्याव्यात आणि ४१ टाके घालावेत. टाक्यांची संख्या विषम असावी, म्हणजे प्रत्येक ओळ सारखीच विणता येते: एक सुलट, एक उलट, आणि शेवटचा पुन्हा सुलट. चौकोन पुरा झाला की नाही हे पाहण्यास पट्टी नको. एक कोपरा समोरच्या कडेवर दुमडावा, नीट त्रिकोण जुळला की टाके बंद करावेत. दोऱ्याच्या टोकांना गाठ मारू नये. जाड सुईने ती टोके विणीतच आत ओवून टाकावीत. एका फडक्यास सुमारे पन्नास ग्रॅम दोरा पुरतो.

नुसती सुलट-उलट ओळींची गुळगुळीत वीण घातली तर कापडाच्या कडा गुंडाळू लागतात, कारण दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो. साबुदाण्याच्या विणीत प्रत्येक सुलट टाक्याशेजारी उलट टाका असल्याने ताण समतोल राहतो आणि कापड सपाट बसते. शिवाय त्या दाण्यांमुळे चिकटलेला अन्नाचा कण सुटतो. राखेने आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासणाऱ्या आपल्या आयांना खरखरीतपणाचे हे मोल शिकवावे लागले नव्हते.

विणकामाची ही कला आपल्याकडे लोकरीबरोबर आली अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु सुयांवरच्या विणीचे जे सर्वांत जुने नमुने आज उपलब्ध आहेत, ते मिसर देशातील पायमोजे असून ते सुतीच आहेत. निळ्या-पांढऱ्या दोऱ्याचे, सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. त्याच मिसर देशात, कैरोजवळच्या जुन्या फुस्तात येथे, गुजरातेतून गेलेल्या छापील सुती कापडाचे तुकडे सापडलेले आहेत. पुढे ही विद्या युरोपात गेली आणि सुमारे १४०० साली चित्रकार बेर्ट्राम याने एका जर्मन वेदीचित्रात पवित्र मातेच्याच हाती सुया दिल्या. बाळ येशू शेजारी आहे आणि माता चार सुयांवर एक झगा विणीत आहे. योहानाच्या शुभवर्तमानात ज्या बिनशिवणीच्या झग्याचा उल्लेख आहे, तोच चित्रकाराच्या मनात असावा असे मानतात. स्वर्गाची राणी म्हणून जिला आपण वंदन करतो तिला त्याने रिकाम्या हातांनी बसविले नाही, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटते.

बडोद्याला दाणेदार वस्त्राची आणखी एक आठवण आहे, तीही येथे नोंदवितो. खंडेराव गायकवाडांनी सुमारे १८६५ साली मोत्यांचा एक गालिचा करविला. हरणाच्या कातड्यावर आणि रेशमावर दहा लाखांहून अधिक मोती बसविलेले, मध्ये हिरे, माणके, पाचू. मदिनेस प्रेषितांच्या समाधीवर अर्पण करावा, असा त्यांचा मानस होता म्हणतात. परंतु १८७० साली महाराज वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो परदेशी गेला आणि २००९ साली दोहा येथील लिलावात त्यास चोपन्न लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. त्याची कारागिरी अद्भुत आहे यात संशय नाही. पण त्यावर कोणी पाऊल ठेवले नाही आणि त्याने कोणाचे काही पुसले नाही. आजींचे फडके दोन-चार महिने राबते, झिजते, विरते आणि संपते. आणि संपते म्हणूनच आजींना दुसरे विणावे लागते.

हे शेवटचे वाक्य माझे नव्हे, आजींचे आहे. मी म्हणालो, "आजी, एवढ्या कष्टाने विणलेली वस्तू भांड्यांना लावता, जीव हळहळत नाही का?" त्या हसल्या. "फादर, सुनेनं पहिली चार मसोती शोभेची म्हणून कपाटात ठेवली होती. मी म्हटलं, मुली, ती वापर. तू वापरलीस तर मला उद्याचं काम आहे. कपाटात ठेवलीस तर माझं काम संपलं."

धर्मग्रामात आजाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या भेटीस जाताना मी पुष्कळ घरे पाहतो. बहुतेक घरांत म्हाताऱ्या माणसांची आबाळ नाही. जेवण वेळेवर मिळते, औषध मिळते, उशाशी पंखा असतो. "तू आता काही करू नकोस, आई, स्वस्थ बस," असे मुले प्रेमानेच म्हणतात. परंतु ज्या हातांनी चाळीस वर्षे घर ओढले त्या हातांना स्वस्थ बसणे ही विश्रांती नसते. पुष्कळदा ती शिक्षा असते. माझ्याविना कोणाचे काही अडत नाही, हा विचार सांधेदुखीहून अधिक दुखतो. अलकापुरीतील त्या सुनेने सासूला दोरा आणून दिला, हे उत्तमच केले. पण फडके कपाटातून काढून मोरीवर नेले, यात तिचे खरे शहाणपण आहे. करमणुकीसाठी दिलेले काम आणि घराला खरोखर लागणारे काम यांतला भेद म्हाताऱ्या माणसाला, डोळे गेले तरी, अचूक कळतो.

एक गोष्ट आरोग्याचीही सांगतो. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि तो येतो तो बहुधा न दुखता, कडेची नजर हळूहळू चोरीत. वेळीच कळला तर थेंबांनी वा शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी राखता येते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि घराण्यात हा विकार असेल त्यांनी तर अगत्याने, डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा.

बडोद्यास जाणाऱ्याने लक्ष्मीविलास राजवाडा अवश्य पाहावा, कमाटीबागेत फिरावे, अलकापुरीच्या बाजारातून चिवडा घ्यावा. आणि घरी परतल्यावर आपल्या आजीला, आत्याला, जुन्या आजोबांना एखादे काम द्यावे. कडधान्य निवडायचे असो, नातवंडांची उजळणी असो की चार चौकोन विणायचे असोत. फक्त ते काम खरे असावे, आणि त्यांनी केलेली वस्तू त्यांच्या कानांना ऐकू जाईल अशी रोज वापरावी.